धाकट्याने काढलेला व्हिडिओ

माझ्या फोनमध्ये चार मिनिटं अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. तो मी कुणाला पाठवलेला नाही, स्टेटसलाही ठेवलेला नाही. एरवी पोरं शिंकली तरी माझं स्टेटस तयार असतं. थोरलीला चित्रकलेत उत्तेजनार्थ मिळालं, ठेव फोटो. धाकटा पाठीला डबा बांधून कानंदीच्या डोहात पहिल्यांदा हातपाय मारायला लागला, ठेव फोटो. गेल्या काही वर्षांतले माझे फाल्गुन-चैत्र बघायचे असतील तर फोनची गॅलरी उघडावी. करवंदांनी जांभळी झालेली तोंडं, साखरेच्या गाठी गळ्यात घातलेली दोघं, राखेनं माखलेली दोघं. सगळं आहे. फक्त हा एक व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलाय.

आम्ही मूळचे पासलीचे. मी नोकरीला पुण्यात, राहायला धायरीला. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, गावी. शिमगा ते अक्षय्य तृतीया ह्या दीड-दोन महिन्यांत आम्ही दर पंधरा दिवसांनी तरी पाबे घाट उतरून गावी जातो. पावसाळ्यात आमच्याकडे अख्खं पुणं लोटतं. मढे घाटाचा धबधबा बघायला निघालेल्या गाड्या पासलीवरूनच पुढं खिंड चढून केळदला जातात. पण फाल्गुनात गाव पुन्हा आमचं असतं. डोंगर पिवळा पडलेला, त्यात मधूनच पांगाऱ्याचा लाल ठिपका, कुसुंबाची तांबडी पालवी, करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी फुलं. अंगणातून पूर्वेला बघितलं की तोरण्याची बुधला माची. गावात अजूनही पुष्कळ जण ‘गड’ म्हणतात तो हाच, नाव घ्यायची गरज पडत नाही.

ह्या गडावर मी माझी पहिली चूक केली. ती आधी सांगून टाकतो, कारण पुढची त्याच जातीची आहे.

धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. कुणाच्या तरी पाच वर्षांच्या मुलीने तोरणा सर केल्याचा फोटो ग्रुपवर आला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक. आमच्या पोरांच्या उशाशी हा गड आणि पहिला मान दुसऱ्याच्या पोरीला? चैत्रातल्या एका रविवारी निघालो. निघायला साडेनऊ वाजले, आणि चौघांत पाण्याच्या तीन बाटल्या. थोरली वाटेत प्रत्येक जाळीपाशी थांबत होती. अंजनीच्या झुडपाला खोडालगत निळी-जांभळी फुलं आली होती, ती मोजत बसली होती. मी तिला तीनदा रागावलो. “तुझ्यामुळे उशीर होतोय” हे माझं त्या दिवसातलं सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य. शेवटच्या कड्याखाली धाकट्याने ओकारी काढली. कातळ तापलेला, पाणी संपलेलं. तरी मी त्याला बिनी दरवाजापर्यंत अर्धा उचलून, अर्धा ओढत नेला, तोंड पुसलं आणि हातात झेंडा देऊन फोटो काढला. फोटोत तो हसतोय. तो का हसतोय ते मला ठाऊक आहे. ‘हसलास की खाली जाऊ’ असं मी त्याला सांगितलं होतं.

खाली आल्यावर आबांनी फोटो बघितला. म्हणाले, “गड कुठं पळून चाललाय व्हय?” एवढंच. मी तो टोमणा अंगाला लावून घेतला नाही.

आता व्हिडिओ.

२०२४ ची होळी २४ मार्चला होती, रविवार. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला होता आणि गावात शिमग्याच्या गवऱ्यांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. आम्ही शनिवारी पोचलो. आबांनी वरच्या वावरात राब रचून ठेवला होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे रोपं, ज्या तुकड्यात टाकायची तो उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण आणि गोवरीचा चुरा, त्यावर झाडांचा तोडलेला टहाळ, मग पालापाचोळा, मग गवत आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. माती एवढ्यासाठी की जाळ भडकू नये, आतल्या आत धुमसत राहावा. तणाचं बी जळतं, राख खताला होते. शेतीखात्याची माणसं कधीपासून सांगतायत की राब सोडा, गादीवाफ्यावर रोपं करा, आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत तर रोपं आणि लावणी दोन्हींची गरज उरत नाही. त्यांचं बरोबर असेल. आबांना ते पटवायचं काम मी अजून हातात घेतलेलं नाही.

पण राब भाजायचा तर त्याची रीत आहे. पहाटे किंवा दिवस मावळताना, वारा पडलेला असताना लावायचा. आधी चारी बाजूंनी चार-पाच हात रुंदीचा पट्टा खरवडून साफ करायचा, वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं. काडी लावायची ती वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर, मुंगीच्या पावलांनी मागं सरकते. आणि माणसं उभी करायची, हातात ओला टहाळ घेऊन. ही रीत मला माहीत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. दहा वर्षांचा असल्यापासून मी तो टहाळ धरून उभा राहिलोय.

रविवारी आबा म्हणाले, “संध्याकाळी होळीच्या आधी लावू. वारं खाली बसू दे.”

संध्याकाळी उजेड कमी असतो. मला व्हिडिओ हवा होता. मनात शीर्षकही ठरलं होतं, ‘शेतकऱ्याची तिसरी पिढी’. आबा जेवून ओटीवर आडवे झाले तसं मी पोरांना घेऊन वावरात गेलो. वेळ दुपारी पाऊण. फोन धाकट्याच्या हातात दिला, कारण फ्रेममध्ये मला यायचं होतं. आठ वर्षांचा पोरगा, पण हात स्थिर आहे त्याचा.

व्हिडिओ असा आहे. पहिली पन्नास सेकंदं मी बोलतोय. “तर मित्रांनो, आपण आज बघणार आहोत आपल्या पूर्वजांची पारंपरिक पद्धत” वगैरे. माझ्या मागे गवत एका अंगाला झुकलेलं दिसतंय, म्हणजे वारा चांगला सुटलेला आहे, पण तिकडे माझं लक्ष नाही. मग मी काडी लावतो. ज्या टोकाला लावायची त्याच्या बरोबर उलट्या टोकाला, कारण तिथं ऊन तोंडावर येत होतं. जाळ मस्त उठतो. धाकटा मागून “वाऽऽ” म्हणतो. दोन मिनिटं पाच सेकंदांना थोरलीचा आवाज येतो, “पप्पा, बांधावर चाललंय.” आणि मी कॅमेऱ्याकडे बघत हसऱ्या तोंडाने म्हणतो, “गप गं, आवाज रेकॉर्ड होतो.”

जाळरेषा आबांनी तीन बाजूंनी काढली होती. चौथी, बांधाकडची, संध्याकाळी लावायच्या आधी काढणार होते.

बांधावरचं वाळलं गवत एका दमात पेटलं. तिथून माळ. माळावरून करवंदीच्या जाळ्या. जाळ्या पेटल्या की फटाके फुटल्यासारखा आवाज होतो, तो व्हिडिओत आहे. मी शर्ट काढून झोडपत सुटलो, तेही आहे. धाकटा बिचारा फ्रेम न हलवता उभा, मी सांगितलं होतं ना, काही झालं तरी बंद करू नको. तीन मिनिटं चाळीस सेकंदांना खालून देवळाची घंटा ऐकू येते. टणटण, थांबत नाही. मग फोन हलतो आणि बंद होतो.

घंटा ऐकून माणसं धावली. शिमग्याचा दिवस म्हणून पुण्या-मुंबईची पोरंही गावात होती, नाहीतर त्या टायमाला गावात म्हातारी माणसं सोडून असतं कोण? जांभळीचे, करंजाचे टहाळ तोडून लोकांनी आग झोडपली. बायकांनी हंडे वर आणले. अडीच तास लागले. वनखात्याच्या हद्दीचा दगड राहिला होता पंचवीस-तीस पावलांवर. त्याच्या पलीकडे गेली असती तर १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा, आणि गुन्ह्याचं सोडा, वर सगळं जंगल. तेवढ्यावर निभावलं. पण अलीकडे एका मावशींची गवताची गंज होती, सहाशेच्या वर पेंढ्या, दोन म्हशींचा पाऊस येईपर्यंतचा चारा. ती राहिली नाही. आणि माळावरच्या करवंदीच्या जाळ्या, त्याही त्याच मावशी धरायच्या. मे महिन्यात मढे घाटाच्या रस्त्यावर पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसतात त्या. फुलं गळून नुकती हिरवी करवंदं धरली होती.

आबा वर आले ते सगळं विझल्यावर. त्यांनी राबाकडे बघितलं, कुठून पेटवलाय ते बघितलं आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी धुळवड. आमच्याकडे होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून पोरांना त्या पाण्याने आंघोळ घालतात, म्हणून सकाळी हंडे-कळशा घेऊन सगळं गाव देवळासमोर जमतं. तिथंच विषय निघाला. वणवा लागला कसा? माझ्या वावराच्या बाजूने आला हे सगळ्यांना दिसत होतं, पण शहरातून आलेल्या माणसाला तोंडावर कोण विचारणार? लोक माझ्याकडे बघत होते, मी बोलेन म्हणून. आणि मी बोललो. म्हणालो, “रस्त्याने गाड्या जातात मढे घाटाकडं. कुणीतरी सिगारेट टाकली असणार. ह्या टुरिस्टांना काही अक्कलच नाही.”

दोघा-तिघांनी मान डोलावली. हे कारण सगळ्यांच्या सोयीचं होतं. फाल्गुन-चैत्रात ह्या खोऱ्यात वणवे लागतात ते बहुतेक माणसाच्याच हातून, कधी गवत चांगलं फुटतं ह्या समजुतीपायी, कधी विडीच्या थोटकातून, आणि दर वेळी पेटवणारा गावाबाहेरचाच असतो.

धाकटा माझ्या मांडीला टेकून उभा होता. फोन त्याच्याच हातात, कारण रंगाचे फोटो काढायचे होते. तो म्हणाला, “नाही पप्पा, आपणच लावला ना? मी काढलाय व्हिडिओ. हे बघा आजोबा.” आणि शेजारच्या आजोबांपुढे त्याने फोन धरला.

त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, भीती नव्हती. त्याला व्हिडिओचं कौतुक करून हवं होतं. हात न हलवता काढला होता त्याने.

मी फोन हिसकावून घेतला. “पोराला काय कळतंय, ते दुसरंच काहीतरी दाखवतोय,” असं काहीतरी पुटपुटलो. कुणी काही बोललं नाही. आजोबांनी दोन पावलं मागं सरून हंडा उचलला. घरी आणून मी पोराच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, “घरातली गोष्ट बाहेर सांगतात का?” आजवर त्याला मी तीनदा मारलंय. पहिल्या दोन वेळी माझ्याकडे निदान कारण तरी होतं.

मार खाऊन त्याने विचारलं, “पण खरं होतं ना?” मी उत्तर दिलं नाही.

आबा हे ओटीवरून ऐकत होते. उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले. नंतर आईकडून कळलं की ते मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “माझ्या पोरानं केलंय.” ऐंशीच्या घरातला माणूस. त्या वेळी मी आत बसून धाकट्याचा गुलाल फासलेला जुना फोटो स्टेटसला टाकत होतो. ११२ जणांनी बघितला.

संध्याकाळी निघालो. पाबे घाट चढताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मला ती शांतता सहन होईना. मी थोरलीला म्हणालो, “धाकटा निदान उभा तरी राहिला. तू मात्र पळून गेलीस काल.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. अकरा वर्षांची पोर, उलटून बोलायच्या वयात आलेली. ती काही बोलली नाही ह्याचा अर्थ तिला पटलं, असं मी धरून चाललो.

घंटा तिने वाजवली होती. हे मला सोळा दिवसांनी कळलं, पाडव्याला, ९ एप्रिलला, आणि तेही आईच्या बोलण्यात सहज आलं म्हणून. गुढीला कडुलिंब बांधता बांधता आई म्हणाली, “पोरीनं घंटा बडवली म्हणून बरं, मला वाटलं काय झालं आनि काय न्हाय.” मी थोरलीला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, “त्यात काय सांगायचं? आग लागली की घंटा वाजवायची. आजीनेच सांगितलंय.” आणि गाठीचा एक पदर मोडून तोंडात टाकला.

त्या रात्री व्हिडिओ पहिल्यांदा नीट बघितला. माझ्याकडून ‘गप गं’ ऐकल्यावर तिचा फ्रॉक फ्रेमच्या कडेने जाताना दिसतो. तिथपासून घंटेचा पहिला टोल येईपर्यंत मी मोजलं, एक मिनिट पस्तीस सेकंद. वावरापासून देवळापर्यंतचा उतार, दगडधोंड्यांचा. हीच ती पोर, जिला मी गडावर ‘तुझ्यामुळे उशीर होतोय’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर पाच-सहा माणसं बसलेली बघून मी गेलो. दोन्ही पोरांना बरोबर घेतलं. म्हटलं, “वणवा मी लावला. परवा खोटं बोललो. चूक माझी.” इथं थांबायला हवं होतं. पण जीभ थांबते का? पुढं जोडलंच, “म्हणजे, वारा अचानक सुटला त्यामुळे...”

आबा मागं उभे होते. म्हणाले, “अचानक न्हाय सुटला. रोज सुटतो त्याच टायमाला.”

धाकटा हसला. मग पारावरची माणसंही हसली. नंतर एकाने विडी पेटवली, आणि पेटवताना स्वतःच काडीकडे बघून ती दोनदा विझवली.

मावशींना पैसे देऊ केले तर त्या म्हणाल्या, पैसे म्हशी खात न्हाईत. तेव्हा सासवडकडून कडब्याचा एक टेम्पो भरून आणला. म्हशींना डोंगरच्या गवताची सवय, त्यांनी दोन दिवस कडब्याला तोंड लावलं नाही. मावशी रोज फोन करून मला त्याचा हिशेब द्यायच्या: आज हुंगला, आज अर्धी पेंढी खाल्ली. हिशेब देण्यात त्यांना थोडी मजा येत होती असा मला दाट संशय आहे, आणि ती त्यांनी घ्यावीच. करवंदांचं मात्र काही भरून देता आलं नाही. त्या मेमध्ये त्या रस्त्यावर बसल्या नाहीत. एका टोपलीला काय मिळतं ते विचारलं तर सांगेनात.

धाकट्याची माफी मागायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. गावासमोर बोललो, मावशींपुढं बोललो, पण स्वतःच्या पोराला ‘मी चुकलो, तू खरं बोललास’ म्हणायला मे महिना उजाडला. डोहावर त्याच्या पाठीवरचा डबा सोडताना म्हटलं. तो म्हणाला, “माहितीये मला. आता बिनडब्याचा जाऊ का?” गेला. पलीकडच्या खडकाला हात लावून परत आला. फोन घरी ठेवला होता.

पुढच्या वर्षी, २०२५ ला, राब पहाटे साडेपाचला भाजला. चारी बाजूंची जाळरेषा मी काढली, पाण्याचे चार हंडे थोरलीने भरून आणले. काडी आबांनी लावली. तासाभरात नुसता धूर, बघायला काहीही नाही. जळलेल्या जाळ्या मुळांतून फुटल्या होत्या, कोवळा लाल फुटवा, गुडघ्याएवढा. फळ त्याही वर्षी धरलं नाही.

तुमच्या गावी राब असेल, बांध जाळायचा असेल, तर वारा पडल्यावरच लावा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. त्या दिवसांत डोंगरावर धूर दिसला तर कुणी लावला ह्याची चर्चा करत बसू नका, आधी १९२६ ह्या नंबरावर फोन करा. फोन लागला नाही तर गावात देऊळ असतंच.